दिवसभर राबणाऱ्या आईला योगासनांची आणि वेगळ्या आहाराची गरज आहे का?

सड्यावरचा (देवगड तालुका, सध्या मुंबई)

नमस्कार. प्रश्न माझ्या आईविषयी आहे. ती साठीच्या उंबरठ्यावर असून गावी वडिलांबरोबर राहते. थोडी भातशेती, घराभोवती आंब्याची आणि नारळाची काही झाडे, गोठ्यात एक गाय, असा तिचा संसार आहे. पहाटे उठल्यापासून दिवेलागणीपर्यंत ती क्वचितच बसलेली दिसते. नुकत्याच तिच्या तपासण्या करून घेतल्या, तेव्हा तीन महिन्यांची सरासरी रक्तशर्करा, म्हणजे एचबीएवनसी, 6.1 निघाली आणि रक्तदाबही थोडा वरच्या बाजूला होता. डॉक्टरांनी तूर्त औषध न देता आहार सुधारावा, योगासने करावीत आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासून घ्यावे, असे सांगितले. कंबर आणि गुडघे दुखणे व रात्री झोप तुटणे या तिच्या तक्रारी जुन्याच आहेत.

हा सल्ला ऐकून तिने "आता ह्या काय नवीन?" एवढेच विचारले आणि ती विळीवर बसून नारळ खवू लागली. तिचे म्हणणे मला खोडून काढता आले नाही. विहिरीचे पाणी शेंदणाऱ्या, लावणीच्या दिवसांत चिखलात वाकून उभ्या राहणाऱ्या बाईला आणखी व्यायाम कशासाठी सांगायचा? आहाराचे म्हणावे, तर भात, नारळ, मासे आणि कुळीथ हेच आमच्या आजी-पणजीनेही खाल्ले. मुंबईतल्या ओळखीच्यांनी ओट्स, चिया, बदामाचे दूध असे बरेच काही सुचवले आहे. पण ते गावातल्या दुकानात मिळत नाही आणि मिळाले तरी आई तोंडात घालणार नाही.

तेव्हा जाणकारांनी कृपया सांगावे, की शेतातले श्रम योगासनांची जागा घेऊ शकतात का, आणि घरात पिकते व किनाऱ्यावर मिळते तेवढ्यातच तिचे जेवण सुधारता येईल का. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, त्या दिवसांचा विशेष विचार व्हावा.

पडवी (रत्नागिरी)

आपल्या आईंचा प्रश्न रास्त आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. मी रत्नागिरीत योगवर्ग घेते. वर्गात निवृत्त शिक्षक आणि बँकेतली मंडळी येतात, तशा मासळी विकणाऱ्या आणि बागेत कामाला जाणाऱ्या बायकाही येतात, आणि त्यांच्यापैकी बहुतेक जणी सुरुवातीला हेच विचारतात.

लावणी करताना बाई तासन्‌तास कमरेतून वाकलेली असते. त्या अवस्थेत कण्याच्या खालच्या भागावर आणि तिथल्या स्नायूंवर सतत ताण राहतो. पाठ मागे वळवण्याची वेळ मात्र दिवसभरात एकदाही येत नाही. हात डोक्यावर पूर्ण उचलले जात नाहीत, छाती मोकळी होत नाही आणि श्वास उथळ राहतो. शिवाय कामाचा वेग आणि विसावा तिच्या हाती नसतो, तो पाऊस आणि तरवा (लावणीची भाताची रोपे) ठरवतात. फावल्या वेळेतल्या व्यायामाने हृदयाला जितका लाभ होतो, तितका कामातल्या श्रमांनी होताना दिसत नाही, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. त्याच्या कारणांविषयी तज्ज्ञांत मतभेद असले, तरी पुरेशा विश्रांतीशिवाय चालणारे श्रम हे त्यांतले एक कारण मानले जाते. म्हणून श्रम करणाऱ्या शरीराला आसने हवीत ती घाम गाळण्यासाठी मुळीच नव्हेत. कामात ज्या दिशेने शरीर कधी जात नाही, त्या दिशेने त्याला हळूहळू नेण्यासाठी हवीत.

या दृष्टीने आपल्या आईंसाठी थोडीच आसने पुरतील. उभे राहून ताडासन, ओणवे होऊन मार्जारासन, पालथे झोपून भुजंगासन आणि मकरासन, उताणे झोपून सेतुबंधासन आणि शेवटी शवासन. भुजंगासन नीट समजावून सांगावे, कारण ते बहुतेकांचे चुकते. तळवे छातीच्या बाजूला टेकवून, कोपरे अंगाशी ठेवून, श्वास घेत घेत फक्त डोके आणि छाती उचलायची असते. बेंबीखालचा भाग चटईवरच राहतो. हातांनी जोर लावून धड वर रेटले, की सारा भार कमरेत येतो आणि "आसनाने कंबर जास्तच दुखू लागली" अशी तक्रार सुरू होते. छाती किती वर गेली याला महत्त्व नाही. दोन-तीन संथ श्वास थांबून खाली यावे आणि गाल टेकवून पडून राहावे. पुढे वाकण्याची आसने, उदाहरणार्थ पश्चिमोत्तानासन, लावणीच्या दिवसांत मी शेतकरी बायकांना देत नाही. तेवढे त्या शेतात वाकतातच.

गुडघे दुखत असताना वज्रासनाचा आणि मांडी घालून बसण्याचा आग्रह नको, प्राणायाम खुर्चीवर बसूनही तितकाच चांगला होतो. रक्तदाब वाढलेला असताना कपालभाती, भस्त्रिका, दीर्घकाळ श्वास रोखणे आणि शीर्षासनासारखी उलटी आसने टाळावीत. त्याऐवजी अनुलोम-विलोम आणि भ्रामरी करावी आणि श्वास सोडण्याचा काळ घेण्याच्या काळापेक्षा थोडा लांबवावा. मिनिटाला सुमारे सहा श्वास इतकी संथ गती राखली, की रक्तदाब सांभाळणारी शरीराची अंगभूत यंत्रणा अधिक संवेदनशील होते, हे प्रयोगांत दिसले आहे. झोपण्यापूर्वी हे केल्यास झोपेलाही बहुधा मदत होईल. मात्र योगाने रक्तदाबात होणारी घट साधारणपणे मर्यादित असते. पुढे डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, तर आसने सुरू आहेत म्हणून ती टाळू नये. कंबरेची कळ पायात उतरत असेल किंवा पायाला बधिरपणा असेल, तर यांतले काहीही करण्याआधी तपासून घ्यावे.

योग म्हणजे शहरातल्या सुखवस्तू लोकांची हौस, अशी आईंची समजूत असेल तर त्यांना सांगावे, की श्री योगेंद्र यांनी 1918 मध्ये मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर योग इन्स्टिट्यूट सुरू केली ती संसारी माणसांना योग शिकवता यावा म्हणून. आणि स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम उभारले ते आसनांचा आणि प्राणायामाचा शरीरावर काय परिणाम होतो हे प्रयोगांनी तपासण्यासाठी. गुहेतल्या साधूसाठीच योग राखून ठेवण्याचा काळ केव्हाच मागे पडला.

वेळ तिन्हीसांजेच्या आधीची ठेवावी. भरपेट जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्यावे लागतात आणि पहाटेची वेळ गोठ्याला आणि चुलीला लागते, हे आपणही जाणता.

खाडीकाठ (गुहागर)

वरील विवेचन उत्तम आहे, परंतु मला थोडे वेगळे सुचवायचे आहे. ज्या बाईची कंबर कामाने दुखते तिला आसने शिकवण्याआधी काम हलके करावे. विहिरीवर लहानसा पंप, स्वयंपाकघरात ओटा, विळी ठेवायला उंच चौरंग किंवा उभ्याने नारळ खवता येईल अशी ओट्याला बसवायची खवणी, गोठा साफ करायला लांब दांड्याचे फावडे, या गोष्टींना फार पैसा लागत नाही. गणपतीला गावी येणारा मुलगा मोठा टीव्ही आणतो. पाणी मात्र आई डोक्यावरूनच आणत असते. हे मी आपल्याला उद्देशून म्हणत नाही, आमच्या वाडीत जे पाहतो तेच लिहिले आहे. कष्ट तसेच ठेवून वर योग लादला, तर बिचारीच्या दिवसात आणखी एका कामाची भर पडेल.

परसबाग (चिपळूण)

मी आहारतज्ज्ञ आहे. खाडीकाठ यांच्याशी मी सहमत आहे आणि आहाराचा विचारही त्याच अंगाने व्हावा, असे मला वाटते. आईंच्या कामात भर घालणारा आहार टिकणार नाही.

प्रथम आकड्याविषयी. एचबीएवनसी 5.7 ते 6.4 या टप्प्यात असेल तर ती मधुमेहापूर्वीची अवस्था समजतात, 6.5 पासून पुढे मधुमेह. म्हणजे आई अशा जागी आहेत, जिथून मागे फिरता येते. स्त्रियांच्या कंबरेचा घेर 80 सेंटिमीटरच्या वर गेला, की भारतीय शरीराच्या बाबतीत धोका वाढतो असे मानतात. तेव्हा वजनाबरोबर तेही शिंप्याच्या फितीने मोजून ठेवावे.

कोकणातले पारंपरिक जेवण मुळात चांगले आहे, पण आजी-पणजी खात होत्या तेच आज आपण खातो, हे तितकेसे खरे नाही. त्यांच्या ताटात गिरणीत पांढरा केलेला भात दोन्ही वेळा नव्हता. वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवर नाचणी आणि वरी पिकत असे, तांदूळ बहुतेक उकडा असे आणि चहासोबत बिस्किटे नव्हती. भात उकडून मग सडला, की कोंड्यातले ब-1 जीवनसत्त्व दाण्याच्या आत मुरते आणि सडल्यावरही बरेचसे टिकते. सडलेल्या पांढऱ्या तांदळावरच जगणाऱ्यांना बेरीबेरी का होते, याचा माग जावा बेटावर कोंबड्यांच्या निरीक्षणातून लागला आणि त्या कामासाठी क्रिस्तियान आइकमन यांना 1929 चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. आपल्याकडची उकड्या तांदळाची पेज त्या दृष्टीने शहाणपणाची होती. साखरेच्या दृष्टीने मात्र तीही भातच आहे, म्हणून वाडगा लहान असावा आणि तिच्यासोबत नुसते लोणचे न घेता उसळ किंवा मासा घ्यावा.

नाचणीकडे परत जाणे हा मला सुचणारा सर्वांत मोठा बदल आहे. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. तांदळात ते नगण्य. पाळी थांबल्यानंतर स्त्रियांची हाडे वेगाने झिजतात, त्यामुळे आईंच्या वयात याला मोल आहे. रात्रीच्या जेवणात भाताऐवजी नाचणीची भाकरी ठेवावी, पीठ चाळून कोंडा टाकू नये. मात्र नाचणीचे सत्त्व गूळ घालून पिणे ही वेगळी गोष्ट आहे. सत्त्व काढताना चोथा जातो, पातळ खीर पोटातून भरभर पुढे सरकते आणि गूळ म्हणजे अखेर साखरच. ताकात शिजवलेली आंबील, मीठ बेताचे घालून, त्यापेक्षा बरी. घरी बियाणे नसेल तर दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने नाचणीचे वाण विकसित केलेले आहेत. तालुक्याच्या कृषी कार्यालयात चौकशी करता येईल.

प्रथिनांसाठी कुळथासारखे धान्य शोधून सापडायचे नाही. कोरड्या कुळथात वजनाच्या सुमारे पाचव्या भागाइतकी प्रथिने असतात. अडचण अशी, की आपण पिठी इतकी पातळ करतो की एका वाटीत जेमतेम दोन चमचे पीठ येते. मोड आलेल्या कुळथाची उसळ आठवड्यातून दोन-तीनदा झाली तर फरक पडेल. काळे वाटाणे, चवळी आणि वाल आलटूनपालटून घ्यावेत. गोकुळाष्टमीला आपल्याकडे आंबोळ्यांबरोबर काळ्या वाटाण्याची उसळ आणि शेवग्याच्या पाल्याची भाजी होते, ते ताट वर्षातून एकदाच का व्हावे, असा प्रश्न मला नेहमी पडतो.

माशांमध्ये सुरमई-पापलेटचा हट्ट धरण्याचे कारण नाही. बांगडा आणि तारली हे स्वस्त मासे ओमेगा-3 स्निग्धाम्लांच्या बाबतीत उत्तम आहेत. मांदेली, मोदके यांसारखी बारीक मासळी काट्यांसकट खाल्ली जाते, त्यामुळे कॅल्शियमही मिळते. तळण्यापेक्षा आमसूल आणि तिरफळ घालून केलेले तिखले चांगले. नारळाविषयी लोक दोन टोकांची मते मांडतात. ओल्या खोबऱ्यात तंतू आहेत, पण त्यातली स्निग्धता बहुतांशी संपृक्त प्रकारची आहे. म्हणून वाटणाला नारळ असू द्यावा. वाटण, वर सोलकढी आणि पुन्हा भाजीवर खोबरे असे एकाच जेवणात तिन्ही होऊ नये.

आता पावसाळा. सर्वसाधारणपणे जून आणि जुलैमध्ये यांत्रिक होड्या समुद्रात जात नाहीत आणि पुढे अनेक घरांत श्रावण पाळतात. याच दिवसांत लावणीचे सर्वांत जड काम असते, म्हणजे गरज वाढते तेव्हाच ताटातला मासा कमी होतो. ही उणीव उसळींनी, घरच्या गाईच्या दुधा-ताकाने आणि अंड्यांनी भरून काढावी. त्यावेळी टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी या रानभाज्या फुकट उगवतात; आठळ्या घालून केलेली टाकळ्याची भाजी आईंना आपण शिकवायला नको. सुकट आणि सुके बांगडे हा आधार आहेच, पण मिठाचा हिशेब ठेवावा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे साधारण एका लहान चमच्याहून कमी मीठ सांगते, आणि त्यात पापड, लोणचे, सांडगी मिरची, खारवलेले मासे हे सारे धरलेले आहे. खारा बांगडा कोमट पाण्यात भिजवून, पाणी एक-दोनदा बदलून मग शिजवावा आणि त्या दिवशी लोणचे वाढू नये.

शेवटची सूचना चहाची. जेवणाला लागून घेतलेला चहा अन्नातले लोह शोषू देत नाही, तेव्हा मध्ये तासाभराचे अंतर असावे.

माहेरवाशीण (वेंगुर्ले)

सर्वांनी अभ्यासपूर्ण लिहिले आहे. मला त्यात एकच गोष्ट घालायची आहे, आणि ती मुलग्यांच्या सहसा लक्षात येत नाही. घरात काय शिजते हे पाहू नका, आईच्या ताटात काय पडते ते पाहा. आमच्याकडे आधी पुरुष, मग मुले, मग पाहुणे आणि शेवटी स्वयंपाक करणारी बाई जेवते. तोपर्यंत बांगड्याच्या तुकड्या संपलेल्या असतात. तिच्या वाट्याला कढी, एखादे डोके आणि भरपूर भात उरतो. उसळीचेही तेच होते. वर उरलेले अन्न फुकट जाऊ नये म्हणून ती भूक नसताना आणखी दोन घास भात खाते. बाजारातून कितीही पौष्टिक जिन्नस आणून दिले तरी त्यांचा मार्ग याच क्रमाने जाणार आहे. तिची तुकडी आणि तिची उसळ आधी बाजूला काढून झाकून ठेवली जावी, आणि शक्य तर सर्वांनी एकत्र बसावे. हे आपल्या वडिलांशी बोलावे लागेल, आईशी बोलून काही होणार नाही.

योगासनांबाबतही तसेच. अर्धा तास पडवीत चटईवर पडलेल्या बाईला "चहा झाला काय?" असे कोणी विचारणार नाही, एवढी व्यवस्था झाली, तर आसने अगदी साधी असली तरी चालतील. माझ्या सासूबाईंना वर्गाला जाण्यात गोडी लागली ती आसनांपेक्षा याच कारणाने, असे मला वाटते. तिथे त्यांना कोणी हाक मारत नव्हते.

सड्यावरचा

सर्वांचे आभार. माहेरवाशीण यांचा प्रतिसाद वाचल्यावर काल वडिलांना दूरध्वनी केला. ते थोडे चिडले, पण "बघतो" म्हणाले, आणि आमच्या घरात हा शब्द होकाराच्या जवळचा आहे. पंपाची चौकशी सुरू केली आहे. ओट्यासाठी गवंडी गणपतीनंतरच मिळेल.

दोन शंका उरल्या आहेत. घरचा हापूस असताना आईने तो अजिबात खाऊ नये का? आणि ती आसनांना अजून तयार नाही, पण रात्री जेवल्यावर शतपावली करायला तिची हरकत नाही. तिचा उपयोग धरावा का?

परसबाग (चिपळूण)

आंबा बंद करू नये. बंद केला तरी त्या चोरून खातील आणि तेव्हा मोजून खाणार नाहीत. एका वेळी लहानसा एक किंवा मोठ्याचा अर्धा, कापून, जेवणातला भात तेवढा कमी करून खावा. आमरस, साठ आणि आंबापोळी टाळावी, कारण त्यांत किती फळ पोटात गेले हे कळत नाही. रात्री जेवणावर आंबा नको.

शतपावलीचा उपयोग निश्चित आहे. जेवणानंतर पायांचे मोठे स्नायू हलू लागले, की ते रक्तातली साखर इन्सुलिनवर फारसे अवलंबून न राहता ओढून घेतात, त्यामुळे जेवणानंतरचा चढ कमी होतो. शंभर पावलांवर न थांबता दहा-पंधरा मिनिटे सावकाश चालावे, दुपारच्या जेवणानंतरही जमल्यास उत्तम. अंगणात उजेड असावा. पावसाळ्यात शेवाळलेल्या चिऱ्यांवर चालण्यापेक्षा ओटीवर फेऱ्या माराव्यात.

पडवी (रत्नागिरी)

शतपावलीपासून सुरुवात करण्यास माझीही पूर्ण संमती आहे. पुढे आठवडाभराने, निजण्यापूर्वी अंथरुणावर बसून किंवा पडून भ्रामरीची पाच-सहा आवर्तने सुचवून पाहावीत. त्यासाठी चटई अंथरावी लागत नाही, म्हणून बायका सहसा नाही म्हणत नाहीत. आसने लावणी उरकल्यावर, भात पोटरीवर येईपर्यंतच्या, म्हणजे लोंबी बाहेर पडण्याआधीच्या मोकळ्या दिवसांत सुरू करावीत. निदान पहिल्या खेपेस कोणी अनुभवी बाई शेजारी असावी. आपल्या गावच्या आशाताईंना, म्हणजे आरोग्यसेविकेला विचारल्यास आसपासच्या एखाद्या शिक्षिकेचा ठावठिकाणा बहुधा मिळेल.